तिसरी थप्पी

पोयेनी, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय गाव्रिल,

दोरेलची गाडी गुरुवारी तोरिनोला निघते, म्हणून पत्र आजच लिहून ठेवते. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि तेवढ्यात मिनिटं संपतात. पत्र तरी तुला गप्प बसून ऐकावं लागेल.

तू जाऊन सतरा दिवस झाले. तोरिनोला थंडी आहे का? कामावर गरम जेवण देतात का? इथे अजून बर्फ नाही, पण सकाळी बादलीवर पापुद्रा धरतो.

काल शेजारची सावेता कुंपणाशी उभी राहून तुझ्या सरपणाच्या थप्प्या बघत होती. म्हणाली, "अगं अक्सिनिया, माझ्या नवऱ्याने घरात बसून एक रचली, तीही पोट सुटल्यासारखी. तुझ्याने परदेशी जाता जाता तीन रचल्या!" मी म्हटलं, "नजर लावू नकोस." तिने तीनदा थू थू केलं आणि पुन्हा बघत राहिली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. रोज सकाळी गोठ्यात जाताना मीही थांबते. डावीकडची दोन वर्षं वाळलेली, मधली वर्षभराची, उजवीकडची या उन्हाळ्यातली, अजून ओली. दोन्ही बाजूंना फळ्या, वर पत्रा, समोर नुसती लाकडांची तोंडं, एकही पुढे आलेलं नाही. नवरा परदेशी गेलेल्या बायका गावात पुष्कळ आहेत. पण अशी बेगमी कुणाची नाही.

मामंजींच्या खोलीतली मोठी शेगडी मात्र अजून माझं ऐकत नाही. वीस वर्षं ती तुझी आणि चूल माझी होती. आता मामंजी खाटेवरून हुकूम सोडतात, "एवढं कोंबू नकोस! शेगडी आहे, पोतं नाही!" त्यांचं बरं आहे. तू गेल्यापासून रोज माळ्यावर चढून आपल्या शवपेटीसाठी राखलेल्या फळ्या बघून येतात. मी म्हटलं, "मामंजी, पडाल." तर म्हणाले, "पडलो तर फळ्या हाताशीच आहेत."

ईस्टरला येतो म्हणालास. पाच महिने. बोटांवर मोजण्यासारखे आहेत.

तुझी,
अक्सिनिया


पोयेनी, २८ जानेवारी २००७

प्रिय गाव्रिल,

उणे चोवीस. विहिरीचा दोर काठीसारखा उभा राहतो.

पण शेगडी आता मला ओळखायला लागली आहे. आधी मला वाटायचं, लाकूड जास्त तर ऊब जास्त. तसं नसतं. सकाळी आठ ओंडके एकदम, मोकळे रचलेले, दार थोडं उघडं, जोराचा जाळ. दीड तासात सगळं जळून जातं आणि मग दिवसभर शेगडीच्या फरशा ऊब सोडत राहतात. दिवसभर एकेक घालत धुमसवत बसलं, तर लाकूडही जातं आणि पाठही गार राहते. हे तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही हेही खरं.

मामंजींना परवा जरा गरगरलं. आता बरे आहेत, काळजी करू नकोस.

तुझं पार्सल पोचलं. कॉफी छान आहे. चिठ्ठी शोधली, सगळ्या पुड्या उलट्या करून पाहिल्या. विसरला असशील.

तुझी,
अक्सिनिया


पोयेनी, १९ एप्रिल २००७

प्रिय गाव्रिल,

ईस्टरला तुझं ताट मांडलं होतं. पनीर घालून गोड पाव केला, अंडी रंगवली. दोरेलची गाडी आली तेव्हा मामंजी नवी टोपी घालून फाटकात उभे होते. गाडीतून सावेताचा भाऊ उतरला, चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याची मुलगी उतरली, आणि तुझी पिशवी उतरली.

काम आहे, हे मी समजू शकते. मालक सोडत नसेल. मामंजींना सांगितलं, "ऑगस्टमध्ये येतील." ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये शेगडीला कोण विचारतं?"

तू त्यांच्यासाठी पाठवलेला कोट त्यांना येतो, खांदे जरा ओघळतात. तुझाच आहे ना, कामावरचा? डावा खिसा फाटला होता, माझ्याकडून शिवायचा राहिला होता. आता शिवलेला आहे. फार बारीक टाके आहेत. तुझे हात एवढे बारीक चालतात हे मला माहीत नव्हतं.

मांजर व्यायली. चार पिल्लं आहेत. उजवीकडच्या थप्पीच्या मागून आवाज येतो. एवढ्याशा फटीत ती शिरली कशी, देव जाणे.

अक्सिनिया


पोयेनी, २५ नोव्हेंबर २००७

गाव्रिल,

ऑगस्टही गेला.

सप्टेंबरात मी दोरेलबरोबर विचारलं होतं की जंगलातला आपला वाटा तोडून आणू का, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याला वाळलेला मिळेल. तुझा निरोप आला, "तिसरी आहे ना. घाई कशाला?" बरं. नाही तोडला.

काल दोरेलला मी घरात बोलावलं. घरच्या दारूचा, त्सुइकाचा, ग्लास भरला, तो संपवू दिला, दुसरा भरला.

"दोरेल, माझी पत्रं तू कुणाच्या हातात देतोस?"

"गाव्रिलच्या. म्हणजे, त्याच्या दारात."

"दार कोण उघडतं?"

"वहिनी, मी ड्रायव्हर आहे. मला रस्ता विचारा."

"रस्ताच विचारतेय. दार कोण उघडतं?"

त्याने ग्लास पालथा घातला. म्हणाला, "बरी बाई आहे. आपल्याच मुलखातली, सुचावाकडची. मला दरवेळी सूप देते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे."

सगळ्यांनाच. म्हणजे सावेतालाही. मी कुंपणावरून तिला सांगायचे, गाव्रिलचा फोन आला होता, गाव्रिल असं म्हणाला, गाव्रिल तसं म्हणाला. ती मान डोलवायची. एकदासुद्धा तिने मला अडवलं नाही.

तेव्हा बाई, हे पत्र आधी तुमच्या हातात पडलं असेल तर वाचा, मी चिकटवलेलं नाही. खिसा चांगला शिवलात. तो रात्री दातावर दात घासतो, त्याने झोपमोड होते. कुशीवर वळवलं की थांबतो. त्याचे वडील जिवंत आहेत हे त्याने तुम्हाला सांगितलं आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

आणि गाव्रिल, मामंजींना मी काही सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी तू अजून कामात आहेस.

अक्सिनिया


पोयेनी, ३० नोव्हेंबर २००८

गाव्रिल,

वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, आणि त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. आज लिहायचं कारण लाकडं.

मधली थप्पी शुक्रवारी संपली. काल सकाळी तिसरीला हात घातला. वरच्या ओळीतला पहिला ओंडका नेहमीच्या जोराने ओढला आणि मागच्या मागे बर्फात बसले. एवढा जोर लागणारच नव्हता. तो वीतभर होता. वाटलं, उरलासुरला तुकडा असेल. दुसरा ओढला. वीतभर. तिसरा, चौथा, सगळी ओळ. मग मागे हात घातला. मोठ्या शेगडीचा ओंडका हातभर असतो, डावीकडच्या दोन्ही थप्प्या तेवढ्याच खोल होत्या, मागे भिंतीला टेकलेल्या. इथे कोपरापर्यंत हात मोकळ्या हवेत गेला. भिंत लागली तेव्हा बोटांना मांजरीचे केस चिकटले. मांजर फटीत शिरली नव्हती. तिथे खोलीएवढी जागा होती.

समोरून तिन्ही सारख्या. मी दोन वर्षं रोज समोरून बघत होते.

एक ओंडका घेऊन मामंजींकडे गेले.

"हे कुठलं?"

"तिसरीतलं."

"सगळं असंच?"

"सगळं."

त्यांनी वीत लावून बघितली. मग पुन्हा लावली. "हे चुलीचं माप आहे."

"चुकून कापलं असेल," मी म्हटलं. बघ, तेव्हाही तुझ्याच बाजूने बोलले.

"गाव्रिल चुकून कापत नाही. त्याला कापायला मी शिकवलंय."

मग त्यांनी ओंडका मांडीवर आडवा ठेवला. "पहिला हिवाळा मोठी शेगडी," ते म्हणाले. "दुसरा हिवाळा मोठी शेगडी. तिसऱ्याला नुसती चूल."

"म्हणजे काय, मामंजी?"

"म्हणजे तिसऱ्या हिवाळ्यात या खोलीत कुणी नाही. मी मेलेलो. तो आलेला नाही. तू एकटी, स्वयंपाकघरात खाट टाकून. एकटीला किती लागतं?" त्यांनी वीत उघडून दाखवली. "एवढंच."

आणि ते हसायला लागले, गाव्रिल. खोकला येईपर्यंत हसले. "पोरी, मी आगाऊपणा केला. मला दोनच दिले होते. हा तिसरा मी चोरून जगतोय."

मी बाहेर आले आणि गोठ्यात गाईच्या पोटाला डोकं लावून उभी राहिले.

बाईचं मला समजलं होतं. समजलं म्हणजे काय, वर्षभर गिळत होते, पण जात होतं खाली. माणूस एकटा असतो, दूर असतो, सूप कुणीतरी देतं. पण ही थप्पी तू जायच्या आधी रचलीस. जुलैत. मी तुला गार दूध आणून द्यायचे आणि तू करवत थांबवून प्यायचास. दोन-चार ओंडके बघून मी विचारलं होतं, "हे एवढे आखूड का रे?" तू म्हणालास, "तुला उचलायला बरं." मी ते गावभर सांगितलं. माझ्या नवऱ्याला माझ्या पाठीची काळजी आहे, असं सांगितलं. म्हणजे तेव्हा तू दूध पीत होतास आणि मनात तुझे वडील मेलेले होते, मी एकटी होते आणि तू कुठेतरी दुसरीकडे होतास. आणि त्या सगळ्याचं माप घेऊन तू करवत चालवत होतास, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. नुसता निघून गेला असतास तर मी म्हटलं असतं, वाईट माणूस. तू आमची सोय करून गेलास.

तिसरी आहे ना, घाई कशाला.

मामंजींना आता सगळं माहीत आहे. सुचावाची बाईसुद्धा. मी सांगितलं नाही. ओंडका बघून त्यांनीच विचारलं, "कोण आहे?"

अक्सिनिया


पोयेनी, २२ जानेवारी २००९

गाव्रिल,

तुझा हिशेब बरोबर होता, फक्त माणसं जास्त उरली. एका चुलीपुरतं लाकूड मोठ्या शेगडीला डिसेंबर अखेरपर्यंत पुरलं.

मग जंगलातलं ओलं आणलं. ओलं लाकूड जळत नाही, रडतं. टोकांना फेस येतो, सूं सूं करतं, आणि सगळी ऊब स्वतःला वाळवण्यात घालवते. वर धुराड्यात डांबर साठतं, ते पेटलं तर छप्पर जाईल. दोन दिवस जाळलं आणि बंद केलं. मामंजींचा बिछाना स्वयंपाकघरात हलवते म्हटलं, तर त्यांनी खाटेच्या दांड्या धरल्या. "नाही! त्याने तिथे तुला एकटीला बसवलंय. मी त्याच्या मापात बसायला जाणार नाही. माळ्यावर जा, फळ्या काढ."

"कुठल्या फळ्या?"

"किती फळ्या आहेत माळ्यावर? माझ्या."

"मामंजी, त्या तुमच्या..."

"नऊ वर्षं वाळलेला ओक आहे. यापेक्षा कोरडं लाकूड सगळ्या पोयेनीत नाही. मी मेलेलो आहे असं जर ठरलंच आहे, तर राखायच्या कशासाठी? करवत दे इकडे. मी स्वतः कापतो."

बसल्या बसल्या त्यांनी स्वतः कापल्या. पाच दिवस पुरल्या. एवढी ऊब त्या खोलीत कधीच आली नव्हती. ते सदऱ्यावर बसले होते. मला म्हणाले, "बघ, शवपेटी आतून बघण्यापेक्षा बाहेरून बरी दिसते."

ही गोष्ट गावात फिरली. सहाव्या दिवशी सावेता दारात आली, दोन्ही हातांत वाळकं लाकूड, मान खाली. म्हणाली, "मला सांगायचं होतं गं. रोज सांगायचं होतं. तू इतकी आनंदात असायचीस." मी म्हटलं, "लाकूड ठेव तिथे." अजून तेवढंच बोलले आहे तिच्याशी. तिच्यामागून एकेक घर आलं. कुणी गाडीभर, कुणी कवेत मावेल तेवढं. फेब्रुवारी निघेल.

गेल्या शनिवारी मामंजींनी लाकूडतोडीला हात लावायला गावकीचं बोलावणं करायला लावलं. अकरा माणसं आली, मी मक्याच्या पिठाची मामालिगा आणि कोबीची मटणवडी केली, त्सुइका मामंजींनी ओतली. जंगलातला आपला वाटा सगळा तोडला, कापला, फोडला. मामंजी कोट घालून बर्फात खुर्ची टाकून बसले होते, हातात मापाची काठी. "हातभर! एक बोटही कमी नको! पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्याचं आहे, मी असणार आहे!" माणसं हसत होती. ते हसत नव्हते.

अक्सिनिया


पोयेनी, १ मार्च २००९

गाव्रिल,

तुझं पत्र मिळालं. अडीच वर्षांत पहिलं, चार ओळींचं. तिकडची बांधकामं थांबली, त्या बाईने खोली सोडायला सांगितली, मंगळवारी दहा तारखेला दोरेलच्या गाडीने येतो आहेस. शेवटी लिहिलं आहेस, "घर गरम ठेव."

मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझा मुलगा आहे. येऊ दे." घर त्यांचं आहे, तेव्हा ये. मी तिथे नसेन.

जानेवारीत शाळेच्या मुख्याध्यापिका, लेओन्तिनाबाई, घरी आल्या होत्या. शाळेचा शेगडीवाला मांडीचं हाड मोडून पडला आहे. म्हणाल्या, "तुमची शेगडी पेटलेली असते तरी धुराड्यातून धूर दिसत नाही. शाळेत मुलं खोकतात. याल का?" तीन शेगड्या आहेत, आणि मागे एक खोली. गावात काहीजण म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही हे. लेओन्तिनाबाई म्हणाल्या, "मग पुरुषांनी धूर कमी करायला हवा होता." मी पंधरा दिवसांपासून जाते आहे. नऊ तारखेला खोलीत राहायला जाईन. गाय माझ्या माहेरची आहे, ती घेऊन जाते. घटस्फोटाचे कागद टेबलावर आहेत, माझी सही झाली आहे.

आता वडिलांचं. हे नीट वाच, कारण ही शेगडी तू अडीच वर्षं पेटवलेली नाहीस आणि ते आता एक्याऐंशीचे आहेत.

सकाळी सहाला पेटव, आठनंतर नको. त्यांची बोटं सातला निळी पडायला लागतात, ते सांगणार नाहीत. आठ ओंडके, मोकळे. राख रोज काढ पण सगळी नको, दोन बोटं तळाशी राहू दे. सावेताने आणि इतरांनी दिलेलं गोठ्यापाशी डावीकडे आहे, तेच वापर. नवी थप्पी उजवीकडे आहे, तिला पुढचा हिवाळा संपेपर्यंत हात लावायचा नाही.

धुराड्याची झडप. निखाऱ्यांवर निळी ज्योत दिसत असेतो लावायची नाही, कितीही थंडी असो, नाहीतर निखाऱ्यांचं विष खोलीत कोंडतं. पहिल्या वर्षी जानेवारीत मी लावली होती. ऊब वाचवायला. तुला लिहिलं की त्यांना गरगरलं. गरगरलं नव्हतं. मी दूध काढून आले तर ते खाटेवरून खाली पडले होते आणि तोंड लालबुंद झालं होतं. मी त्यांना काखेत धरून उंबऱ्यापलीकडे बर्फात ओढलं आणि थोबाडीत मारत राहिले, ओरडत राहिले, तुझं नाव घेऊन ओरडत राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मारतेस का गं?" तुला कळवलं नाही, कारण तू काळजीने काम सोडून धावत येशील असं मला वाटलं. तेव्हा मला असं खरंच वाटायचं.

दर रविवारी ते माझ्याकडे जेवायला येतील. हे त्यांनी ठरवलं आहे, मी नाही. लेओन्तिनाबाईंना सांगून आले आहेत की इतर दिवशीही शाळेत येऊन बसेन, तिथे ऊब असते आणि मुलं बोलतात.

एक गोष्ट राहिली. मी म्हटलं होतं की नऊ तारखेला संध्याकाळी, जायच्या आधी, शेगडी भरून पेटवून जाते, म्हणजे तू येईपर्यंत खोली गरम राहील. त्यांनी ऐकलं नाही. "काडी लावायची नाही," म्हणाले. "गरम घरात तो पाहुण्यासारखा येऊन बसेल. तो आल्यावर तो पेटवील." मी म्हटलं, "मामंजी, गाडीला उशीर झाला तर? घाटात बर्फ असतो." त्यांनी तुझा कोट मागितला, टोपी मागितली आणि दोन्ही खाटेच्या पायथ्याशी ठेवून घेतली. मी खूप सांगून पाहिलं. तू त्यांना ओळखतोस.

तेव्हा मंगळवारी सकाळपासून ते त्या खोलीत कोट-टोपी घालून बसलेले असतील, आणि शेगडी थंड असेल. गाडीतून उतरल्यावर दुकानापाशी कुणाशी बोलत थांबू नकोस. सरळ घरी जा.

अक्सिनिया